चढावर ती काय बोलायची

मी आणि बायको, आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते मेथी निवडायचं. कुवेतमधल्या वफ्र्याच्या शेतावरची भाजी घेऊन एक बांगलादेशी दर गुरुवारी आमच्या बिल्डिंगखाली पिकअप लावायचा. मेथी त्याच्याकडं बरी मिळायची, पण वाळू फार. मंगफच्या त्या फ्लॅटमध्ये हॉलभर पेपर अंथरून आम्ही समोरासमोर बसलो होतो. मी देठं ठेवायचो. ती माझ्या ढिगातनं देठं वेचून बाहेर टाकायची आणि वर म्हणायची, तुम्ही निवडलेली भाजी बैलाला घालावी. रोजचंच होतं ते.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. डॉक्टरचा फोन. तिनं तो खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला. आधी हात चालू होते, मग थांबले. मग ती हसायला लागली. मी तिच्या पुढ्यातली जुडी ओढली आणि तीही निवडून टाकली. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणतो? ती म्हणाली, काही नाही, उद्या वारं सुटणार आहे म्हणून पहाटे सायकलवर लवकर निघायचंय.

त्याच रात्री ती गेली. छातीत कळ आली, ॲम्ब्युलन्स आली, आणि ज्या हॉस्पिटलात ती ड्यूटी करायची तिथंच, तिच्याबरोबरच्या सिस्टर लोकांच्या हातात ती गेली. याच्यावर मला जास्त लिहायचं नाही. लोक म्हणतात, बायको गेली की तिचं चांगलंच तेवढं आठवतं. मला डॉक्टर आठवतो.

आता हा डॉक्टर कोण ते सांगतो. पुण्याचा माणूस. तिच्याच हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर. बायको पुण्याला, पोरांची शाळा तिकडं, म्हणून इथं एकटा. अंगानं काटकुळा, आणि सायकलसाठी म्हणून पायाचे केस काढायचा. पायाचे केस काढलेला पुरुष मी जन्मात पहिल्यांदा तो बघितला. तिला साखर निघाली तेव्हा यानंच तिला सायकल धरायला लावली. साखर उतरली, ते खरंय. पण तिच्या औषधात माझा काही हात नाही, सगळा त्याचाच, हे मला तेव्हापासून सलायचं.

मी शिकलो आठवी. ती पास झालेली नर्स. इराकची लढाई संपल्यावर कुवेतला नर्स पाहिजे होत्या, तेव्हा ती आधी आली. मी सिन्नरला ट्रक चालवत होतो. मी मागनं आलो, आणि तेही तिनं ओळखीनं काम बघून ठेवलं म्हणून. तेलाच्या विहिरीवरचं अवजड सामान नेणाऱ्या कंपनीत मला लावलं. आधी ट्रेलर चालवला. मग एका अपघातात गुडघा गेला, तेव्हा मला ट्रेलरच्या मागची गाडी दिली. रिग, म्हणजे विहीर खणायचं अख्खं यंत्र, हलवायची असली की ट्रेलर रस्त्याच्या बाहेर येईल एवढा रुंद होतो. त्याच्या मागं एक गाडी लागते, टपावर पिवळा फिरता दिवा. ट्रेलर ज्या चालीनं जाईल त्याच चालीनं जायचं, आणि तुमच्या आणि मालाच्या मध्ये कोणालाही शिरू द्यायचं नाही. एवढंच काम. मी ते चोख करायचो.

सायकलवाले पाच-सहा जण होते. डॉक्टर, ही, दोन मल्याळी सिस्टर, एक लॅबमधला गोव्याचा, अजून कोण कोण. शुक्रवारी पहाटे मंगफहून समुद्राच्या कडेकडेनं फहाहीलला जायचे आणि ऊन तापायच्या आत परत. मग डॉक्टरनं इटलीचं खूळ काढलं. तिकडं म्हणे डोंगरा-डोंगरावर जुनी गावं आहेत, सायकलवर एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं. आता कुवेतमध्ये चढ कुठून आणणार? अख्खा देश ताटासारखा. तर यांनी दोन उपाय काढले. एक, उत्तरेचा वारा सुटला की मुद्दाम त्याच्या तोंडावर सायकल मारायची. दुसरा, फहाहीलच्या बाजारात गाड्या ठेवायची चार मजली इमारत होती. शुक्रवारी पहाटे ती रिकामी असायची. तिथल्या हारिसला, म्हणजे रखवालदाराला, चहाला काहीतरी देऊन हे लोक गोल गोल चढून गच्चीवर जायचे, उतरायचे, परत चढायचे.

मी गच्चीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा. खालनं आवाज यायचा. काँक्रीटची इमारत, आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत. बाईचं बोलणं, पुरुषाचं बोलणं, मग दोघांचं हसणं. वळणावरनं ती वर आली की गप्प. माझ्या हातातली बाटली घ्यायची, पाणी प्यायची, “जास्त वेळ झाला का हो?” विचारायची, आणि परत खाली. डॉक्टर पण म्हणायचा, दादा, ताईंना चढावर कोणी धरू शकत नाही. मी मनात म्हणायचो, तू तर धरतोस की.

इटलीला मी पण गेलो. सामानाची व्हॅन चालवायला माणूस पाहिजे होता. त्यांनी मला विचारलं, मी हो म्हणालो. हिनं मला नंतर विचारलं, खरंच येताय की माझ्यावर पहारा ठेवायला येताय? मी म्हणालो, फुकट आहे म्हणून येतोय.

त्या देशाबद्दल खोटं बोलणार नाही. चांगला आहे. आपल्याकडं डोंगरावर गड असतात, पण तिथं आता माकडं आणि ट्रेकवाले. तिकडं गडावर माणसं राहतात. तटबंदी तीच, दरवाजा तोच, चारशे-पाचशे वर्षांच्या दगडी भिंती, आणि त्या भिंतीवर बायका चादरी वाळत घालतात. आत गल्ल्या एवढ्या बारीक की व्हॅन बाहेर ठेवावी लागायची. खाली सगळे द्राक्षाचे मळे. आमच्या नाशिककडच्यासारखे मांडव नाहीत, नुसत्या तारेवर ओळी. मी मनात म्हणालो, एवढी चांगली माती, एवढं गार वारं, आणि हे लोक दुपारी झोपतात. जळलो मी. तिथं दिसेल त्याच्यावर जळलो.

गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं, कुवेतसारखीच, त्यामुळं मला अडचण नव्हती. सकाळी सगळ्यांच्या बॅगा भरायच्या, पुढच्या गावाला जायचं आणि वेशीच्या दरवाज्याबाहेर थांबायचं. व्हॅन वर जायला किती वेळ लागतो? मी पोचायचो, एक छोटी कडू कॉफी प्यायचो, आणि मग खाली बघत बसायचो. रस्ता डोंगराला गुंडाळलेला. खालच्या वळणावर रंगीत ठिपके दिसायचे, मग झाडाआड जायचे, मग वरच्या वळणावर. ठिपके सुटे सुटे असायचे. दोन मात्र जोडीनं. लाल टोपी तिची, पांढरी त्याची. वर आली की घामानं थबथबलेली, तोंड लाल, आणि सगळ्यात आधी मागं वळून ज्या रस्त्यानं आली तो रस्ता बघायची. मग माझ्याकडं बघायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सगळे वर आले, हे दोघं आले नाहीत. मल्याळी सिस्टर म्हणाल्या, येतील, हळू येताहेत. मी थोडा वेळ दम धरला. मग व्हॅन वळवली आणि खाली गेलो. अर्ध्या चढावर अंजिराच्या झाडाखाली दोघं दगडी कठड्यावर बसलेले. तिनं बूट काढले होते. मांडीवर अंजिरं. हसत होती, तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावून.

मी काच खाली केली आणि म्हणालो, बस गाडीत. ती म्हणाली, “पंक्चर झालं होतं, आता झालंय सगळं. तुम्ही व्हा पुढं, मी माझ्या पायांनी येणार.” आणि बूट घातले, आणि निघाली. तोही निघाला.

मग मी पुढं गेलो नाही. व्हॅन वळवली, तिच्या मागच्या चाकाच्या मागं घेतली, पहिला गिअर टाकला, चारी बाजूचे दिवे लावले आणि रिगच्या मागनं जावं तसा निघालो. व्हॅनचं नाक तिच्या बाजूला घालून डॉक्टरला तिथं यायला जागाच ठेवली नाही, तो पुढं गेला. माझ्यामागं गाड्यांची रांग लागली. भोंगे वाजायला लागले. एक म्हातारा तीन चाकी टेम्पोत भाजी घेऊन चालला होता, तो कसाबसा बाजूनं घुसला आणि हात बाहेर काढून मला काहीतरी म्हणाला. आईवरनं असणार. मी हललो नाही. मध्ये डॉक्टर थांबला, माझ्या खिडकीशी येऊन अजिजीनं म्हणाला, दादा, पुढं घ्या ना, तिला त्रास होतोय. ‘तिला’ म्हणाला. एरवी ताई म्हणायचा. मी त्याला हातानं बाजूला व्हायची खूण केली.

वर पोचलो. सगळे दरवाज्याशी उभे होते. ती उतरली, सायकल भिंतीला लावली, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “मी काय रिग आहे का? पिवळा दिवा तेवढा राहिला.”

सगळे खो खो हसले. मी पण हसल्यासारखं केलं. तेव्हापासून तिचं नावच रिग पडलं. कुवेतला परत आल्यावर हॉस्पिटलातनं फोन यायचे, रिग आहे का घरी? ती फोन घ्यायची आणि माझ्याकडं बघून हसायची. मला ते आवडायचं पण आणि आवडायचं नाही पण.

त्या दिवशी संध्याकाळी, इटलीतच, गावच्या चौकातल्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. मी तिला सरळ विचारलं, चढावर काय एवढं बोलता तुम्ही?

“काही नाही हो. चढावर कुठलं बोलणं? दम लागतो.”

“दम लागतो तर हसू कसं येतं?”

ती म्हणाली, “या ना तुम्ही सायकलवर. मग कळेल.” आणि लगेच माझ्या गेलेल्या गुडघ्यावर हात ठेवला, कारण आपण काय बोललो ते तिला कळलं होतं. मी हात काढला नाही. पण मला उत्तर मिळालं नव्हतं. पुढं दोन वर्षं, दर शुक्रवारी, मी तेच विचारत राहिलो, कधी चेष्टेत, कधी रागानं. ती तेच सांगत राहिली. दम लागतो.

तर ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. रात्री सिस्टर लोकांनी मला घरी आणून सोडलं होतं. मुलगी पुण्याला होस्टेलवर, तिला फोन झाला होता. मयत भारतात न्यायची तर आधी ओळख पटवून सह्या कराव्या लागतात, म्हणून सकाळी बोलावलं होतं. मी दार उघडलं तर डॉक्टर. अंगावर सायकलचेच कपडे. पहाटे तयार होऊन निघाला होता, खाली उतरला आणि त्याला फोन आला. तो आत आला, सोफ्यावर बसला आणि रडायला लागला. मोठ्यानं, लहान पोरासारखा. मी तोपर्यंत रडलो नव्हतो. माझ्या घरात माझ्या बायकोसाठी पहिला रडला तो. मी त्याला पाणी दिलं आणि उभा राहून बघत राहिलो. मला वाटलं, हे पण याचंच आधी.

त्याच्या गाडीतनं निघालो. शुक्रवार, रस्ता मोकळा. मी विचारलं. मला आत्ताच विचारायचं होतं, नंतर तो खरं सांगणार नाही असं वाटलं.

“चढावर ती तुमच्याशी काय बोलायची?”

त्याला एकदम कळलं नाही. मग कळलं. म्हणाला, “शिव्या द्यायची, दादा.”

“कोणाला?”

“मला. रस्त्याला. आणि तुम्हाला. प्रत्येक वळणावर. तो मेला वर जाऊन कॉफी पीत बसला असेल, म्हणायची. आणि पुढं एक शिवी होती तिची ठरलेली. त्यालाच आम्हाला हसू यायचं.”

“कुठली?”

“आज नको, दादा.”

“सांगा.”

त्यानं पुढच्या काचेतनं बघतच सांगितली. “तुझा मुडदा बशिवला.”

ती माझ्या आईची शिवी. आईनं आयुष्यभर तिला, मला, कोंबड्यांना, सगळ्यांना दिली. हिच्या तोंडून मी एकदा ऐकली नाही. माझ्यापुढं ती कायम ‘अहो’, आवाज खाली, भांडली तरी ‘तुम्ही’. मेला म्हणणारी, शिव्या देणारी, घाम पुसत मोठ्यानं हसणारी बाई माझ्या घरात राहत होती आणि मला तिनं ती दाखवली नाही. दाखवली ती यालाच. मला वाटलं होतं, तिथं काही गोड बोलणं चालत असेल. गोड असतं तर मी सोसलं असतं.

हॉस्पिटल आलं. डॉक्टरला तिथं सगळे ओळखतात. त्याच्या गळ्यातलं कार्ड बघून शिपायानं शवागाराकडचं दार उघडलं. आतल्या माणसानं अरबीत विचारलं, नातेवाईक कोण. डॉक्टर सवयीनं पुढं झाला, कागद हातात घेतले, त्याच्याशी बोलला, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, चला दादा, मी आहे बरोबर.

मी त्याचा हात खाली केला. म्हणालो, “तुम्ही इथं बाहेर थांबा.”

तो थांबला. मी आत तिच्यापाशी गेलो आणि मागं दार लावून घेतलं.