पांढरी पायरी

बर्मंडसी या गोदीकामगारांच्या वस्तीतल्या त्या गल्लीत हेस्टर प्रुइटच्या दारातली पायरी सर्वांत पांढरी असे. नवरा गोदीत पोत्यांखाली सापडून गेला, तरी रोज सकाळी गुडघे टेकून ती पायरीवर पांढरा दगड घासायचीच. पोटात काय आहे ते कुणाला दिसत नाही, पायरी मात्र अख्ख्या गल्लीला दिसते, हे तिच्या आईने तिच्या डोक्यात पक्कं भरवलं होतं.

आता सगळी भिस्त एका चरकावर होती. धुतलेल्या चादरी पिळून सपाट करणारा लाकडी रुळांचा चरक. धर्मादाय मंडळ विधवांना तो देई, पण आधी घर पाहून. मिळाला तर तिचं आणि दोन मुलींचं भागणार होतं. नाही तर निराधारांचं वर्कहाऊस, म्हणजे आई एका इमारतीत आणि मुली दुसऱ्या.

पाहणीच्या बाईसाहेब येणार कळल्यावर शेजारची पॉली डॅग कामाला लागली. त्या घाण आणि दारूच हुंगायला येतात, तेव्हा घर नीटनेटकं दिसलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. तिने स्वतःचं घड्याळ आणून ठेवलं, समोरच्या म्हातारीने जाळीचा पडदा दिला. भूक लागली म्हणायचं नाही, अशी हेस्टरने मुलींना ताकीद दिली.

पाहणीला आलेल्या मिस ऑर्मरॉड दुष्ट नव्हत्या, हीच तर पंचाईत. त्यांनी पायरीचं कौतुक केलं, मुलींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घड्याळाशी थांबल्या.

"हे तुमचंच?"

मागून आणलंय म्हणावं, तर सगळा देखावाच उघडा पडणार.

"हो, बाईसाहेब."

"मग विकायला अजून काही शिल्लक आहे तर. तुम्ही स्वाभिमानी आहात, मिसेस प्रुइट. तुम्हाला फुकटाची सवय लावायचं पाप मी नाही करणार."

आणि हेस्टरने त्यांचे आभारसुद्धा मानले! घर घाण असतं तर लायकी नाही म्हणाल्या असत्या, स्वच्छ होतं म्हणून गरज नाही म्हणाल्या. गरिबाने घर ठेवावं तरी कसं, हे या मंडळींनी एकदा सांगून टाकावं.

"अगं, शेजारणीचं आहे म्हणायचं होतंस," घड्याळ परत घेताना पॉली रडकुंडीला आली.

"म्हणजे वर खोटारडी ठरले असते," हेस्टर म्हणाली.

भाडं थकलं आणि खोली सोडायची सकाळ आली. गाठोडं बांधून झाल्यावर हेस्टर दगड घेऊन खाली बसली आणि पायरी नेहमीसारखी कोपऱ्यांपर्यंत घासली. धाकटी एडी बाहेर पडणार, तोच तिने तिला उचलून थेट रस्त्यावर ठेवलं.

"पाय उमटेल."

"पण आई, आपण आता इथे राहत नाही ना?"

स्कर्ट वर धरून हेस्टरनेही लांब ढांग टाकली आणि पायरी ओलांडून मुलींचे हात धरले. वर्कहाऊसच्या फाटकापर्यंत ते धरता येणार होते.