नवऱ्याचं नाव सांगणारी बाई

ती गोष्ट आठवली की आजही मला माझाच राग येतो. पंच्याहत्तर सालच्या आसपास मी जाफराबादला फौजदार होतो. गावाजवळच्या टेकडीवर दुष्काळी कामातून झालेलं तळं होतं, भोवती वनखात्याचं रोपवन. एका रविवारी दुपारी तिथला राखणदार ठाण्यात आला. "साहेब, एक गडी अन् बाई झाडीत फिरून राह्यलेत. बाई मोठमोठ्यानं हसून राह्यली. लग्नाची न्हाई वाटत!"

शिपाई पाठवून दोघांना आणवलं. वेगवेगळं बसवून विचारपूस केली. तो शाळामास्तर. तिचं माहेर केदारखेड्याचं. दोघांची उत्तरं बरोबर जुळली, तर मी म्हटलं, पढून आलेत. तिच्या गळ्यात लग्नाची काळ्या मण्यांची पोत होती, पण पोत काय, बाजारात मिळते.

"नवऱ्याचं नाव?" मी दरडावलं. तिनं आडनावासकट फटकन सांगितलं. झालं! लग्नाची बायको असं नाव घेते होय? माझी बायको रेशनकार्डाच्या वेळीसुद्धा शेजारणीकडून वदवायची. मी अंमलदाराला म्हणालो, "घ्या डायरीत. परपुरुषासोबत संशयास्पद फिरताना मिळून आली."

ती उठून उभी राहिली. "साहेब, उद्या मी शाळेत मास्तरीण म्हणून रुजू होणार हाय. हे लिहिलं तर नोकरी जाईल, गावात तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई. आधी घरी विचारा, मंग लिहा." अंमलदाराचा हात थांबला.

शिपाई तिच्या सासूला घेऊन आला. म्हातारी खुरपणीवरून तशीच आलेली, हातात खुरपं. "माझीच सून हाय. एका खोलीत आम्ही सात माणसं. नव्या नवरा-बायकोनं बोलावं कुठं? मीच धाडलं टेकडीवर, भुईमुगाच्या शेंगा बांधून."

"मग नवऱ्याचं नाव कशी घेते?"

"का घेऊ न्हाई? बौद्ध झालो, जुन्या रीती सोडल्या, तवापासून मी बी घेते." तिनं आपल्या नवऱ्याचं नाव खणखणीत सांगितलं. "मालकानं मला पाटीवर आधी माझं नाव शिकवलं, मंग त्याचं. लिहायचं अन् बोलायचं न्हाई, हे कसं?"

मी शरमलो. नोंद झाली नाही. सोमवारी ती रुजू झाल्याची खात्री करून घेतली. माफी मात्र तेव्हा मागितली नाही. वर्दीचा ताठा, दुसरं काय! आपल्या घरची रीत म्हणजे पुरावा, असं त्यानंतर मी कधी धरून चाललो नाही.

पुढच्या रविवारी मनाचा हिय्या करून माफी मागायला टेकडीवर गेलो. तळ्याकाठी कुणी नव्हतं. राखणदार म्हणाला, "ती दोघं पुन्हा आलीच न्हाईत." तिची नोकरी वाचली होती. पण आता ती दोघं बोलत कुठं असतील, हे विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.