सवलतींची शपथ

एलेउतेरियो बर्रागान दारू सोडण्यात मोठा पटाईत होता. दर जानेवारीत तो इस्त्रीचा शर्ट चढवून चर्चमध्ये जायचा, ग्वादालूपे मातेच्या, म्हणजे मेक्सिकोच्या मेरीमातेच्या, तसबिरीपुढे गुडघे टेकायचा आणि वर्षभर दारूला शिवणार नाही अशी शपथ घ्यायचा. कॅलिफोर्नियातल्या बदामाच्या बागांमधल्या त्या गावात निम्मे पुरुष अशीच शपथ घेत. डॉक्टरला थापा मारता येतात, बायकोलाही मारून बघता येतात. मातेला फसवायची छाती मात्र कुणाची नव्हती. म्हणून शपथेतून काय वगळायचं ते आधीच बोलून घ्यायचं असा रिवाज होता.

एलेउतेरियो तर अगदी वकिलासारखा बोलून घ्यायचा. लग्नं सोडून, बाप्तिस्मे सोडून, आणि मुली पंधरा वर्षांच्या झाल्या की होणारे सोहळे सोडून. यजमानानं भरलेला पेला परत करणं म्हणजे त्याचा अपमान, हे चर्चच्या फादर मेल्कियादेसनाही मान्य होतं. पण आमंत्रणं येऊन येऊन किती येणार? मग एलेउतेरियोनं शक्कल लढवली. पंधराव्या वर्षाच्या सोहळ्याचा भार एकटा बाप उचलत नाही. केकचा खर्च उचलणारा एक धर्मबाप असतो, बँडचा एक, मुकुटाचा एक. एलेउतेरियो कुणालाच नाही म्हणेना. बघता बघता तो अर्ध्या गावातल्या पोरींचा कशाचा ना कशाचा धर्मबाप होऊन बसला. सोहळा शनिवारी, त्याची तयारी शुक्रवारी आणि उरलंसुरलं संपवणं रविवारी. त्याची बायको ओफेलिया म्हणायची, इतका देवभोळा माणूस शोधून सापडायचा नाही, आठवड्याचे तीन दिवस मातेच्या परवानगीनं पितो.

गाव त्याच्यावर खूश होतं. तो छपरं घालायचा. ठेकेदार त्याला होसे म्हणायचा, कारण ठेकेदाराला सगळे मेक्सिकन होसेच. सामानाच्या दुकानात शिरला की रखवालदार खिळ्यांच्या खोक्यापर्यंत त्याच्या मागे मागे यायचा. एकदा छातीत धडधडतं म्हणून तो दवाखान्यात गेला, तर तरुण डॉक्टर त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "तुम्हा लोकांत पिणं असतंच."

"हो डॉक्टर," एलेउतेरियो म्हणाला, "आणि तुम्हा लोकांत छपरं गळणं असतंच. म्हणून तर आपली गाठ पडते."

हा किस्सा त्यानं घरी येऊन इतका रंगवला की ओफेलियाला हसून हसून ठसका लागला. हसवून झाल्यावर तो परसात गेला आणि त्या दिवशी कुठलाही सोहळा नसताना प्यायला. त्या डॉक्टरला ऑगस्टच्या उन्हात एक दिवस छपरावर बसवायला हवं होतं, म्हणजे कुणात काय असतं ते त्याला नीट कळलं असतं.

मग त्याच्या स्वतःच्या मुलीचं, यादिराचं, पंधरावं आलं. सोहळा एप्रिलात होता, आणि त्यात मुलीचा पहिला नाच बापाबरोबर असतो. आदल्या वर्षी तिच्या चुलतबहिणीच्या सोहळ्यात केकचा हा धर्मबाप सगळ्यांदेखत केकमध्येच जाऊन बसला होता. गाव आठवडाभर हसत होतं. यादिरा हसली नव्हती. या जानेवारीत मात्र न सांगता ती त्याच्याबरोबर चर्चला निघाली.

यंदा काय काय वगळायचं, असं फादरनी विचारलं. त्यानं नेहमीची यादी म्हटली आणि शेवटी, अर्थातच, लेकीचा सोहळा घातला.

"फादर, मलाही एक गोष्ट वगळायचीय," यादिरा म्हणाली. "बाबांबरोबरचा नाच."

एलेउतेरियोनं लेकीचा सोहळा यादीतून काढला. तिनं नकारार्थी मान हलवली. मग त्यानं बाकीचे सोहळे काढले, लग्नं काढली. बाप्तिस्म्याला नुसती बियर चालेल का, असं विचारून पाहिलं, तिचा चेहरा पाहिला आणि तेही काढलं.

"एक दिवस तरी राहू दे," तो म्हणाला. "मे महिन्यातला."

त्या दिवशी काय असतं, हे फादरना ठाऊक नव्हतं. घरातही कुणाला नव्हतं. हासिंतोकाका गावाकडे तापानं गेला, एवढंच यादिरानं ऐकलं होतं.

"अमेरिकेची हद्द ओलांडताना हासिंतो वाळवंटात खाली बसला," तो म्हणाला. "त्याला एका झुडपाखाली ठेवला आणि पाणी आणायला गेलो. पाणी मिळालं. झुडूप मिळालं नाही. सगळी सारखीच होती."

फादरनी विचारलं, "त्या दिवसाचं कळलं. बाकीचे दिवस कशाला पितोस?"

"त्या दिवसाची तयारी."

माता एक दिवस देईल, असं फादर म्हणाले. यादिरानं डोळे पुसले आणि ती बापाशेजारी गुडघ्यांवर बसली. तोही दिवस द्यायचा नाही, असं तिनं सांगितलं.

"त्या दिवशी काकाबद्दल तुम्ही मला सगळं सांगायचं, बाबा. तो जिवंत असतानाचं. दिवसभर. फादर, मला शाळेतून वगळा."

"शाळेवर मातेची सत्ता चालत नाही, पोरी."

"मग मी पोट दुखतंय म्हणून सांगेन. तेवढं खोटं वगळा."

फादरनी तसबिरीकडे पाहिलं आणि मान डोलावली. एलेउतेरियोनं काहीही न वगळता शपथ घेतली. मग लेकीचा हात धरून, मे महिन्याची वाट न पाहता, हासिंतो लहानपणी कोंबड्या कशा चोरायचा ते तो तिथेच सांगू लागला.