चित्राला आलेलं बोलावणं

नवरा गेला त्या वर्षापासून चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं मला येईनासं झालं. माझ्या भिंतीवरच्या चित्राला मात्र आलं. रत्नागिरीत आमच्या आळीत चैत्रगौरीपुढे आरास मांडायची चढाओढ असे. शेजारच्या काकूंनी सुनेकरवी विचारलं, की तुमच्याकडचं ते विलायती चित्र दोन दिवस आराशीत ठेवायला मिळेल का. म्हणजे चित्र द्या आणि तुम्ही घरी बसा! मी शाळेत चित्रकला शिकवत होते, पस्तिशीची होते आणि तोंडाने फटकळ. मी सांगून पाठवलं, की चित्र एकटं कुठे जात नाही. मी बरोबर येईन आणि आराशीसमोर बसेन.

चित्र म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं एचिंग. तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढायच्या, तेजाबात बुडवून त्या खोल करायच्या, मग शाई भरून कागदावर छाप घ्यायचा. समुद्राकाठी एकटीच बसून जाळं सांधणारी बाई. एका जुन्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं तेव्हा माझ्या वडिलांनी ते तुटक्या चौकटींच्या ढिगातून उचललं होतं. मागच्या पुठ्ठ्यावर लंडनमधल्या दुकानाची चिठ्ठी, तिच्याखाली तिथल्याच एका प्रदर्शनाची, आणि कुणा मडमेच्या हातची ओळ, की हे बोटीने हिंदुस्थानात आणलं. त्यापुढे पुठ्ठा कोरा.

काकू म्हणाल्या, येऊ दे. मी गेले. सुरंगीच्या फुलांचे वळेसर माळलेल्या सगळ्याजणी मला पाहून सरकून बसल्या. काकू करंडा घेऊन ओळीने आल्या आणि माझ्यापाशी थबकल्या. मी मान वर करून म्हटलं, "लावा." त्यांनी लावलं. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, चित्रातल्या बाईकडे वळल्या आणि "हिचं तरी कपाळ मोकळं कशाला?" म्हणत तेच बोट तिच्यावर टेकवलं. चौकटीची काच फुटलेली म्हणून मी काढून ठेवली होती. कुंकू थेट शंभर वर्षांच्या कागदावर! चित्रकलेच्या बाईने खरं तर कपाळाला हात लावायचा. मला हसूच आवरेना.

पुढे दर चैत्रात कुणी ना कुणी चित्र मागायला येई. माझी अट तीच. दोन घरांना ती रुचली नाही, गेली उडत. एकदा तर पावसला, आंब्याच्या बागा असलेल्या नातलगांकडे, ते एस.टी.तून मांडीवर धरून नेलं. अशा सात घरच्या आराशी झाल्या.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मुंबईहून एक अभ्यासक आले. जुन्या छापचित्रांचं मोठं प्रदर्शन भरवणार होते. भिंग लावून त्यांनी मागच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि हरखले. मीही हरखले, खोटं कशाला बोलू? वीस वर्षं पोरांना जास्वंदी काढायला शिकवत होते. माझ्या घरातलं काही मुंबईच्या भिंतीवर लागेल, खाली माझं नाव असेल, याची मला फार हाव सुटली.

त्यांनी एक तक्ता काढला. चित्र आजवर कुठे कुठे मांडलं गेलं, ते त्यात भरायचं. लंडन लिहिलं आणि त्याखाली लिहिलं, 'माहिती नाही'. मी म्हटलं, माहिती आहे की, लिहा. आणि सातही घरं सांगितली. ते समजुतीने हसले. ते घरगुती, म्हणाले, त्याला प्रदर्शन म्हणत नाहीत. आणि हा लाल डाग आमचा कारागीर काढून देईल, कागद नव्यासारखा होईल.

"लंडनला हे किती जणांनी पाहिलं ते तुम्हाला ठाऊक नाही," मी म्हटलं. "इथे कुणी कुणी पाहिलं ते मला ठाऊक आहे. सात ओळी लिहा, डाग राहू द्या, आणि घेऊन जा."

त्यांनी तक्ता पिशवीत ठेवला, चित्र नाही. ते गेल्यावर मी ढसाढसा रडले. मग कागद घेतला, सातही घरं लिहिली आणि तो मडमेच्या ओळीखाली खळीने चिकटवून टाकला.

संध्याकाळी काकूंना सगळं सांगितलं. वाटलं, पाठ थोपटतील. त्या भडकल्याच. "मला विचारलंस? बोट माझं होतं. पुसू द्यायचं होतंस त्यांना. परत आल्यावर मी पुन्हा लावलं असतं."

एवढं बोलल्या आणि त्यांचा हात स्वतःच्या मोकळ्या कपाळाकडे गेला. काका जाऊन दोन वर्षं झाली होती. घरचं हळदीकुंकू आता सून करी, आणि काकू त्या दिवशी आतल्या खोलीत बसत. दोन्ही वर्षं मी त्या घरी गेले, कुंकू लावून घेतलं, आणि दाराआडच्या बाईची मला आठवणही झाली नाही. एवढी मोठी लढवय्यी मी! शरमेने मला वर बघवेना.

पुढच्या चैत्रात त्यांची सून चित्र मागायला आली तेव्हा मी नवी अट घातली, की करंडा काकूंनी फिरवायचा. दोन दिवस ती फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि चित्र कधी आणता, एवढंच विचारून गेली.

काकू करंडा घेऊन बाहेर आल्या. दोघीजणी उठून गेल्या. बाकीच्यांनी एकेक करून कपाळ पुढे केलं.