समासातल्या रेघा

इंगोलश्टाटमध्ये मला नोकरी लागली ती लिफ्टची माहितीपुस्तकं लिहिण्याची. गॅरेजमध्ये गाडी वर उचलून धरतात, ती लिफ्ट. कंपनी छोटी, एका मजल्यावर मावणारी. माझं शिक्षण मेकॅनिकलचं आणि जर्मन जेमतेम, पण आमच्या विभागप्रमुख बाईंना ड्रॉइंग वाचता येणारं माणूस हवं होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समासातल्या रेघा समजावून सांगितल्या. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली की जिथे मजकूर बदललाय तिथे बाजूच्या समासात एक उभी काळी रेघ असते. मेकॅनिक सगळं पुस्तक पुन्हा वाचत नाही, रेघ पाहून तेवढंच वाचतो. त्यापुढच्या आवृत्तीचं काम काढलं की आधीच्या सगळ्या रेघा पुसायच्या आणि मग नवे बदल करायला घ्यायचे. नव्या बदलांना प्रोग्राम आपोआप नव्या रेघा घालतो.

"आधी पुसायचं, मग लिहायचं. गेनाऊ, अगदी याच क्रमाने," बाई म्हणाल्या.

मी मान हलवली. यात न समजण्यासारखं काय आहे, असं तेव्हा वाटलं होतं.

चौथ्या आवृत्तीचं काम माझ्याकडे आलं. मी एकेक पान उघडून जुन्या रेघा पुसत चालले होते. मध्येच डिझाइनवाल्यांच्या चिठ्ठ्या येत होत्या: हा आकडा बदला, ही ओळ काढा. चिठ्ठी समोर आली की हातासरशी बदल करून मोकळी व्हायचे. फोनही येत होते, तेही भरभर बोलल्या जाणाऱ्या बव्हेरियन जर्मनमध्ये. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की समोरच्या पानावरची रेघ तिसऱ्या आवृत्तीतली की मी काल केलेल्या बदलाची, हे मला सांगता येत नाहीये. सगळ्या रेघा सारख्याच काळ्या. कुणाला विचारावं तर चूक कबूल करावी लागणार. शेवटी मी सगळ्या रेघा एकदम पुसून टाकल्या आणि चिठ्ठ्या पुढ्यात घेऊन अकरा ठिकाणी हाताने नव्या घातल्या.

पण मन थाऱ्यावर येईना. अकराच होते का? शुक्रवारी दोन्ही आवृत्त्यांचे प्रिंट पिशवीत घालून घरी आणले.

तेव्हा माझे सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. ते पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आल्यापासून पंधरा दिवसांत त्यांचं सगळं इंगोलश्टाट पाहून झालं होतं. शनिवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले, तसे ते चहाचा कप घेऊन समोर येऊन बसले.

"काय शोधतेस?"

"तेच कळत नाहीये, बाबा. या दोन पुस्तकांत काय काय वेगळं आहे ते."

"म्हणजे एक मूळ प्रत आणि एक प्रूफ."

"तसंच म्हणा."

"मग एकटी काय पाहतेस? हे दोघांचं काम आहे. एकाने वाचायचं, दुसऱ्याने पाहायचं. डोळा एकटा असला की जे असायला हवं तेच पाहतो."

"अहो बाबा, पण हे जर्मन आहे."

"अक्षरं तर इंग्रजीच आहेत ना? अर्थ कळला की उलट घोटाळा होतो. आण इकडे."

त्यांनी तिसरी आवृत्ती घेतली, मी चौथी. ते वाचू लागले, लिहिलंय तसं, एकेक अक्षर ठासून. 'आख्टुंग', म्हणजे सावधान, त्याचं 'अच्टुंग' झालं. मोठे शब्द आले की ते श्वास घेऊन तुकडे पाडत. स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस, सगळं उच्चारत. मला आधी हसू आवरेना. चौथ्या पानानंतर हसू थांबलं आणि माझं बोट त्यांच्या आवाजामागून आपोआप सरकायला लागलं. मिस्टर उठून आले, दोघांकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात पोहे करायला गेले.

खांब जमिनीत घट्ट करणाऱ्या बोल्टांचं पान आलं. बोल्ट किती जोराने आवळायचे त्याचा आकडा तिथे होता.

"चाळीस," बाबा म्हणाले.

माझ्या कागदावर चोपन्न होतं.

"परत वाचा, बाबा."

"चाळीस. चार, शून्य."

समासात रेघ नव्हती. चिठ्ठ्या तीनदा चाळल्या, त्यांत हा आकडा नव्हता. चाळीसचं चोपन्न मी केलं? की दुसऱ्या कुणी? मी केलं असेल तर कुणाच्या सांगण्यावरून? दुपारपर्यंत वाचून झालं तेव्हा फरक तेरा निघाले. अकरा माझे, बारावा हे चोपन्न. तेरावा होता एक स्वल्पविराम, जुन्या प्रतीत नव्हता, नव्या प्रतीत होता.

सोमवारी दोन्ही प्रती घेऊन मी बाईंसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे मी आणखीच गोंधळले. त्यांनी डिझाइनमध्ये फोन लावला. एक जण म्हणाला, चाळीसच बरोबर. मग एक वयस्कर इंजिनिअर स्वतःच आमच्याकडे आला.

"पंचेचाळीस," तो म्हणाला. "मीच तुम्हाला फोनवर सांगितलं होतं."

जर्मनमध्ये त्याचा उच्चार 'पाच आणि चाळीस' असा होतो. मी आधी पाच ऐकून पाच टाइप केला असणार, नंतर चार. बाईंनी "हो, असंच झालं असणार," म्हणून मान डोलावली. मीही डोलावली. पण मला तो फोन आठवत नव्हता, आजही आठवत नाही. आणि मराठीतही पाच आधीच येतो की. पंचेचाळीस ऐकून मी जन्मात कधी चोपन्न लिहिलं नव्हतं. मग तिथेच कसं लिहिलं?

"पण वाचलं कुणी तुमच्याबरोबर?" बाईंनी विचारलं.

"माझ्या सासऱ्यांनी."

"त्यांना जर्मन येतं?"

"नाही."

बाईंनी दोन्ही प्रती पुढ्यात ओढल्या. मग म्हणाल्या, "आल्झो, तर मग, यापुढे कागद घरी न्यायचे नाहीत. वाचायला मी बसेन." आणि खरोखरच त्या बसल्या, प्रत्येक आवृत्तीला.

संध्याकाळी बाबांनी पहिलं काय विचारलं असेल, तर, "स्वल्पविरामाचं काय झालं?"

"बाई म्हणाल्या, बरोबर आहे, राहू दे."

"बरोबर असेल गं. घातला कुणी?"

"माहीत नाही, बाबा. मी घातल्याचं आठवत नाही."

"मग रेघ घाल. बदल तो बदल."

मी घातली. चोपन्नचं पंचेचाळीस करून पुस्तक तेरा रेघांनिशी छापून गेलं आणि बाबाही पुण्याला परत गेले. काही महिन्यांनी एका गॅरेजमधून फोन आला. मेकॅनिक विचारत होता की अमुक पानावर रेघ आहे, त्याने आणि त्याच्या वरिष्ठ मेकॅनिकने दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पाहिली, पण काय बदललंय ते सापडत नाही. लिफ्ट वापरायची की थांबायचं?

"वापरा," मी म्हटलं. "तिथे एक स्वल्पविराम आलाय."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला.

"का?" त्याने विचारलं.

"बदल तो बदल," मी म्हटलं.