पॉइंट कुकचे पहाडी काका

आमच्या शेजारच्या काकांइतका सपाट जमिनीवर रुसलेला माणूस अख्ख्या दक्षिण गोलार्धात दुसरा झाला नसेल. मूळचे कराडचे, ऐन तारुण्यात दोन वर्षांसाठी म्हणून हिमाचलात धरणाच्या कामावर गेले, ते निवृत्त होऊन, सफरचंदाची बाग लावून तिथेच मुरले. काकू गेल्यावरही हलले नाहीत. मुलाला भेटायला काही आठवड्यांसाठी मेलबर्नला आले आणि करोनाने विमानं बंद केली. बरं, अडकावं तर कुठे? शहराच्या कडेच्या आमच्या पॉइंट कुकला! इथे अंगणात कोणी पोळपाट उपडा विसरला, तर दुसऱ्या दिवशी नकाशात टेकडी म्हणून त्याची नोंद होईल.

काकांच्या जगात डावं-उजवं नव्हतंच. फक्त वर आणि खाली. "जरा खाली जाऊन दूध आणतो," म्हणून निघायचे आणि दारातच घुटमळायचे. आतून नात ओरडायची, "आजोबा, देअर इज नो डाउन!" लॉकडाउनमध्ये पाच किलोमीटरच्या आत तासभर फिरायची मुभा होती. माणसं समुद्राकडे जायची. काका फ्रीवेवरच्या पुलाकडे. पंचक्रोशीतला तेवढाच एक चढ. मास्क लावून, हात पाठीशी बांधून, कमरेत वाकून ते असे चढायचे की खालून ट्रकवाले हॉर्न देऊन सलामी द्यायचे. झोपेची तीच तऱ्हा. "उघड्यावर पडल्यासारखं वाटतं रे, पाठीशी काही म्हणजे काही नाही!" मग पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घातल्या. रोज सकाळी घसरून पायथ्याशी सापडायचे, पण चेहरा कसा टवटवीत!

कुंपणापलीकडून ते बोलू लागले की माझी ऑफिसची मीटिंग बुडालीच म्हणून समजा. "डोंगरात राहणं म्हणजे काय, तुला काय कळणार? आमच्या अंगणातून लिंबू निसटलं की खालच्या गावच्या लोणच्यात सापडतं. समोरच्या डोंगरावरच्या घरात फोडणी पडली की आम्हाला ठसका लागतो, पण तिथे जेवायला जायचं तर सकाळीच निघावं लागतं. सूर्य दुपारीच डोंगराआड जातो. इथे बघ, नुसतं आभाळच आभाळ! एवढ्याचं करायचं काय?"

मी हसायचो. पण त्यांच्या मुलाने एव्हाना ठरवून टाकलं होतं, की बाबांना परत पाठवायचंच नाही; बाग विकायची आणि कायमचा व्हिसा करायचा. कुंपणाच्या अलीकडे सगळं ऐकू यायचं.

"बाबा, तिथे तुम्ही एकटे. काही झालं तर ऑक्सिजन कुठून आणणार?"

"अरे, तो आम्हीच खाली पाठवतो तुम्हाला!"

"जोक नकोय, बाबा."

"मग तूही बाग विकायचा जोक करू नकोस."

पुढे काका गप्प होत गेले. पुलावर जाणंही बंद झालं. मुलगा मला म्हणाला, "बघ, सेटल झाले आता."

मग आला जानेवारी, म्हणजे इथला ऐन उन्हाळा. ऊन असं, की वाळत घातलेले कपडे दोरीवरच इस्त्री होऊन निघावेत. माझ्या मागच्या अंगणातलं सफरचंदाचं झाड त्या वर्षी पहिल्यांदाच लगडलं होतं. मी खोलीत मीटिंगमध्ये. बाहेर कचकच आवाज. खिडकीतून पाहतो तर काका! डोक्यावर लोकरीची पहाडी टोपी, हातात छाटणीची कात्री, आणि झाडाचा पार सांगाडा केलेला. खाली हिरव्या सफरचंदांचा सडा.

"काका! अहो, फळं होती ना!"

काकांनी खाली पाहिलं. मग कात्रीकडे, मग माझ्याकडे. वर्षानुवर्षं बर्फात उभं राहून जानेवारीत छाटणी केलेला माणूस भर उन्हात घामाने निथळत उभा होता. "आत्ता तिकडे सगळे हेच करत असतील रे," एवढंच म्हणाले, आणि खाली बसून एकेक फळ टोपीत गोळा करू लागले.

आवाज ऐकून मुलगा कुंपणाशी आला होता. मी काहीतरी गमतीचं बोलणार होतो, पण त्याचा चेहरा पाहून गिळलं. कुंपण ओलांडून तो बाबांशेजारी उकिडवा बसला, त्यांच्याबरोबर फळं वेचू लागला. शेवटचं फळ टोपीत टाकून म्हणाला, "बाबा, तिकीट बघतो."

मिळेल त्या विमानाने काका गेले. आम्ही इथले नागरिक झालेलो, त्यामुळे करोनाच्या त्या दिवसांत आम्हाला देशाबाहेर पडायला सरकारची परवानगी लागायची. ते पाहुणे म्हणून सुटले. त्या दिवशी मला उगाचच आपण मागे राहिल्यासारखं वाटलं.

विलगीकरण, बंद रस्ते असं सगळं उरकून महिन्याभराने त्यांचा फोन आला. व्हिडिओत आधी बूट दिसले, मग बर्फाचा चुरा, मग दगडी पायवाट. "काका, पोहोचलात का?" मी विचारलं.

"थांब रे... चढतोय... दम लागलाय," काका म्हणाले. इतक्या खुशीत धापा टाकणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी फोन कानाशी धरला आणि, माझ्या खिडकीबाहेर क्षितिजापर्यंत काहीही आडवं येत नसताना, तो श्वास वर वर जाताना ऐकत राहिलो.