पायाविना चालणारं विमान

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की त्या बाईंना मनोमन हात जोडतो. नव्या एअरलाइन्स निघत होत्या, गुडगावच्या बाजूला शेतांच्या कॉलन्या होत होत्या, तेव्हाची गोष्ट. दिल्लीच्या वेशीवर एका मराठी बाईंचं फार्महाउस होतं. तिथे त्यांच्या दिवंगत यजमानांचं जुनं, दोनच माणसांचं विमान उभं असे. उडणं केव्हाच बंद झालेलं. एक मेकॅनिक दर रविवारी येऊन इंजिन तेवढं चालू करी. एका सोमवारी ते विमान नाल्यात तोंड खुपसून पडलेलं सापडलं.

बाईंनी मी इन्स्पेक्टर होतो त्या ठाण्यात तक्रार दिली. पाठोपाठ तिथे निनावी फोन आला, मेकॅनिकनेच दारू पिऊन विमान पळवलं म्हणून. वर शेजारच्या नव्या कॉलनीचा सुपरवायझर साक्षीला हजर! मेकॅनिकला चौकशीला आणलं. बिचारा एकच सांगे, "साहब, मैंने हाथ भी नहीं लगाया." त्याला नुकतीच एका नव्या एअरलाइनमध्ये नोकरी लागली होती. गुन्ह्यात नाव आलं असतं, तर विमानतळाचा पास मिळणार नव्हता आणि नोकरी हातची जाणार होती.

पंचनाम्याला गेलो तर बाई म्हणाल्या, "इन्स्पेक्टरसाहेब, आधी आत वाकून बघा."

"बाई, आम्हाला विमानातलं काय कळतंय?"

"अहो, बघा तर खरं! ह्यांचा एक पाय अधू होता, म्हणून मुद्दाम हे घेतलं. इतर विमानांत पायाने दाबायची पेडल्स असतात. यात एकही नाही. वळवायचं, थांबवायचं, सगळं हातानं."

ठाण्यात परतल्यावर सुपरवायझरला चहा पाजला. खोटा साक्षीदार दरडावलं की मिटतो, कौतुक केलं की बोलत सुटतो. म्हटलं, "आप जैसे आदमी ने रोका नहीं?"

गडी फुलला. "रोका ना सर! मैं ऊपर चढ़ गया, दोनों पैरों से पैडल दबाए. पर ये धक्का देकर भाग गया."

"दोनों पैरों से?"

"बिल्कुल सर!"

त्या विमानात पेडल्सच नाहीत म्हटल्यावर त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मग भडाभडा बोलला. बाई कॉलनीला जमीन विकेनात. विमान मोडलं की त्यांचं मनही तिथून उठेल, या हिशेबाने त्यानेच ते ट्रॅक्टरला दोराने बांधून ओढत नेलं होतं. फोनही त्याचाच.

या केसने मला शिकवलं, की तक्रारदार दाखवतोय ते आधी पाहावं, संशयिताकडे मग वळावं. बाईंनी आग्रह धरला नसता तर मी निम्म्या वाटेवरच थांबलो असतो. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पुढे तो मेकॅनिक नवा पास गळ्यात घालून भेटायला आला. "बैठो," म्हटलं. तो दारातच घुटमळला. माझ्या खोलीत तोवर तो फक्त उभाच राहिला होता. मी उठलो आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली.